झोपेत दात खाणारं मूल



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे कधीकाळी मूल कडेवर घेऊन गेलेल्या कितीतरी आया आज या सभागृहात बसल्या आहेत. औषध लिहून देण्याआधी आईला आजार समजावून सांगायचा, ही त्यांची ख्याती. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषय घरातलाच हवा. म्हणून मी असा विषय घेतला आहे, ज्याबद्दल जवळजवळ प्रत्येक घरात एक ठाम मत आहे आणि ते मत बहुतेक वेळा चुकीचं असतं. मूल झोपेत दात खातं. का खातं आणि त्याचं काय करायचं?

मी लहान मुलांच्या दातांचा डॉक्टर आहे. माझ्याकडे येणाऱ्या इतर तक्रारी मूल स्वतः सांगतं: दाढ दुखते, हिरडी सुजली, दात हलतो. ही तक्रार मूल कधीच सांगत नाही, कारण त्याला ती ठाऊकच नसते. ते झोपलेलं असतं आणि शेजारची आई किंवा आजी दचकून जागी होते. कोरड्या पाट्यावर वरवंटा ओढावा तसा आवाज येत असतो. एवढ्याशा जबड्यातून एवढा आवाज येतो कसा, म्हणून आई दिवा लावते, गालावर हात ठेवते, कूस बदलून देते. आवाज थांबतो, थोड्या वेळाने परत सुरू होतो. सकाळी मूल उठतं, दूध पितं आणि खेळायला पळतं. रात्रीची काळजी घरच्यांकडे उरते.

त्या काही सेकंदांत आत काय घडतं, ते आधी पाहू.

झोप रात्रभर एकसारखी नसते. निरोगी माणसाच्या झोपेतसुद्धा दर तासाला अनेकदा मेंदू तीन ते पंधरा सेकंदांपुरता जागेपणाच्या काठावर येतो आणि पुन्हा झोपेत जातो. आपल्याला त्यातलं काही आठवत नाही. कॅनडात माँट्रियल विद्यापीठातले झील लाविन्य आणि त्यांचे सहकारी यांनी झोपेच्या प्रयोगशाळेत दात खाणाऱ्या प्रौढांच्या रात्रभर नोंदी घेतल्या. मेंदूच्या लहरी, हृदयाचे ठोके आणि जबड्याच्या स्नायूंची हालचाल हे सगळं एकाच वेळी नोंदलं जात होतं. त्यात एक ठरलेला क्रम दिसला. आधी, आपल्या इच्छेवाचून चालणारी मज्जासंस्था चाळवते. दात घासले जाण्याच्या सुमारे चार सेकंद आधी मेंदूच्या लहरींचा वेग वाढतो. मग हृदयाची गती वाढते. त्यानंतर जबडा उघडणारे स्नायू हलतात. आणि सगळ्यांत शेवटी गालातला चावण्याचा मोठा स्नायू साधारण सेकंदाला एकदा या लयीने आवळतो आणि सुटतो. बहुतेक वेळा हे उथळ झोपेत घडतं.

आपल्या कानावर आवाज पडतो तेव्हा गोष्ट संपत आलेली असते. तिची सुरुवात झोप चाळवण्यात असते. आज मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती नीट लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट या संशोधनातून कळली. जबड्याची ही लयबद्ध हालचाल दात न खाणाऱ्या निरोगी प्रौढांतही आढळते, निम्म्याहून अधिक जणांत आढळते. त्यांचा जबडा हलतो, पण दातावर दात घासत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने २०१८ साली स्पष्टच म्हटलं की, अन्यथा निरोगी असलेल्या व्यक्तीत झोपेतलं दात खाणं हा आजार मानू नये, ती स्नायूंची एक हालचाल आहे. काही जणांत ती निरुपद्रवी असते, काही जणांत दुसऱ्या एखाद्या त्रासाची खूण असते. आई-वडिलांनी हे ऐकून निम्मी काळजी सोडून द्यावी. उरलेली निम्मी का ठेवायची, ते पुढे सांगतो.

किती मुलं दात खातात? २०१३ साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा आकडे निघाले ३.५ टक्क्यांपासून ४०.६ टक्क्यांपर्यंत. एवढी तफावत पाहून पुष्कळांना वाटतं की शास्त्रज्ञांचाच गोंधळ आहे. पण यातले बहुतेक अभ्यास आई-वडिलांना विचारून केलेले असतात, आणि ज्या घरात मूल लहानपणापासून वेगळ्या खोलीत झोपतं त्या घरात हा आवाज ऐकणार कोण? आपल्याकडे मूल आईच्या कुशीत किंवा आजीच्या अंथरुणात झोपतं. आपल्या घरात दात खाणं लपत नाही. एका बाबतीत मात्र बहुतेक सगळे अभ्यास एकमुखाने बोलतात: वय वाढतं तसं हे प्रमाण कमी होतं. आनुवंशिकतेचाही वाटा मोठा आहे. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या मोठ्या अभ्यासात तो ठळक दिसला. मी आजीला विचारतो, मुलाचे बाबा लहानपणी दात खायचे का हो? पुष्कळदा आजी हसते आणि मुलाच्या बाबांकडे बघते.

आता जंतांकडे येऊ. तुम्ही सगळे त्याचीच वाट पाहत असणार.

मूल दात खातं म्हणजे पोटात जंत झाले, हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की पुष्कळ मुलं माझ्याकडे पोचेपर्यंत जंतांचं औषध दोनदा-तीनदा घेऊन झालेलं असतं. शिवाय वावडिंगाचं पाणी, ओवा, कारल्याचा रस, आणि वर गोड खाणं बंद. हे सगळं करणाऱ्या आजीला मी कमी लेखत नाही. तिने जे पाहिलं ते खरंच पाहिलं आहे. आपल्या भागात मुलांच्या पोटात जंत असणं ही सर्रास गोष्ट होती, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. तीन ते सहा-सात या वयात दात खाणंही सर्रास असतं. दोन्ही गोष्टी एकाच वयात, एकाच मुलात दिसत राहिल्या, तर कोणीही त्यांची गाठ मारेल.

मग औषधाने गुण येतो तो कसा? झोपेतलं दात खाणं रोज सारखं नसतं. चार रात्री खूप, मग आठवडाभर काहीच नाही, असं ते चालतं. आवाज असह्य झाला की आपण औषध देतो, म्हणजे नेमकं चढाच्या शेवटी देतो. त्यानंतर आवाज कमी होणारच होता. श्रेय औषधाला मिळतं. पुढच्या महिन्यात परत सुरू झालं, की जंत परत झाले असं म्हणायला आपण मोकळे. आणि मूल आठ-दहा वर्षांचं झालं की बहुधा सवय आपोआप सुटते, तेव्हा शेवटी दिलेला उपाय सगळ्यांत गुणकारी ठरतो. या चक्रात खोटं कोणीच बोलत नाही.

जंत आणि दात खाणं यांचा थेट संबंध दाखवणारा भक्कम पुरावा आजवर हाती आलेला नाही. एक अपवाद विचार करण्याजोगा आहे. सूतकृमी म्हणून जे बारीक पांढरे किडे असतात, त्यांच्या माद्या रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालतात. तिथे खाज सुटते, मूल तळमळतं, झोप पुन्हापुन्हा चाळवते. झोप चाळवली की जबडा हलायला वाव मिळतो. म्हणून मूल रात्री मागे खाजवत असेल तर सूतकृमींचा उपचार जरूर करावा, आणि तो घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करावा, पंधरा दिवसांनी दुसरा डोस घ्यावा, मुलाची नखं कापावीत. पण हा उपचार खाजेसाठी. दात खाणं हे त्याचं कारण नव्हे.

इथे गैरसमज नको. २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. अंगणवाडीत आणि शाळेत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. ती गोळी तुमच्या मुलाला मिळालीच पाहिजे. आकडेकृमी रक्त शोषतात, मूल पांढरं पडतं, वाढ खुंटते, अभ्यासात लक्ष लागत नाही. गोळी त्यासाठी आहे. ती दात खाण्यावरचं औषध समजून दिली की नुकसान होतं ते वेगळंच: आई निर्धास्त होते आणि खरं कारण असेल तर ते तसंच राहतं.

आता त्या खऱ्या कारणाकडे येतो.

पाच वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आणली होती. तक्रार एकच, रात्री दात खाते. खुर्चीत बसली तेव्हा तोंड उघडं होतं. ओठ कोरडे, कडांना भेगा. डोळ्यांखाली काळसर. मी आरसा आत घातला. वरच्या सुळ्यांची टोकं झिजून सपाट झाली होती आणि त्या सपाट जागा दिव्याखाली चकाकत होत्या. दुधाच्या दाढांचे उंचवटे पुसट झाले होते. इथवर मी रोज पाहतो ते. मग टाळूकडे पाहिलं, ती अरुंद आणि उंच होती. जीभ खाली दाबली तर दोन्ही बाजूंचे टॉन्सिल मधोमध एकमेकांना टेकायला आले होते. घोरते का, विचारलं. आई म्हणाली, "हो, अगदी आजोबांसारखी," आणि सगळे कौतुकाने हसले. मी त्यांना एवढंच सांगितलं की आज रात्री ती झोपली की अंगातला सदरा थोडा वर करून मोबाईलवर दोन-तीन मिनिटं चित्रण करा.

ते चित्रण मी पाहिलं. मुलगी मान मागे टाकून झोपली होती. घोरण्याचा आवाज चालू होता, मग तो एकदम थांबला. छाती मात्र हलत होती. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती, पोट वर येत होतं, हवा जात नव्हती. काही सेकंदांनी तिने मोठा धापेसारखा श्वास घेतला, अंग चाळवलं, आणि लगेच दात करकरले. आई इतके महिने ऐकत होती तो हाच आवाज. त्याच्या आधीची शांतता कोणी ऐकली नव्हती.

तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नाकामागच्या गाठी, ज्यांना आपण अडेनॉइड म्हणतो, त्याही वाढलेल्या निघाल्या. शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी ती आली तेव्हा तोंड मिटलेलं होतं. दात खाणं पुरतं थांबलं नव्हतं, क्वचित कधीतरी ऐकू यायचं. पण रात्रीची झोप सलग लागत होती आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे दिवसाची चिडचिड गेली होती.

एका मुलीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत टॉन्सिल-अडेनॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलं शंभरही नव्हती. त्यांतली जवळजवळ निम्मी आधी दात खात. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आलं. नंतरच्या इतर अभ्यासांनीही घोरणं, तोंडाने श्वास घेणं आणि दात खाणं यांची सोबत दाखवली आहे. आणि सुरुवातीला सांगितलेला क्रम आठवला तर यात नवल नाही. श्वासाची वाट अडली की मेंदू जागा होऊन वाट मोकळी करू बघतो. झोप चाळवते. बाकीचं पाठोपाठ येतं. अडेनॉइड आणि टॉन्सिल घशाच्या मानाने सर्वांत मोठे असतात ते साधारण तीन ते सहा-सात वर्षांच्या काळात, म्हणजे दात खाण्याच्या ऐन वयात.

म्हणून मी आई-वडिलांना म्हणतो: दात वाजले की कान दातांवरून काढा आणि श्वासावर लावा. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, तोंड उघडं ठेवून किंवा मान मागे टाकून झोपणं, झोपेत घामाने भिजणं, अंथरूण ओलं करणं सुटलेलं असताना ते परत सुरू होणं, सकाळी डोकं दुखणं. मोठ्या माणसाची झोप मोडली तर तो दिवसा पेंगतो; लहान मूल पुष्कळदा उलट वागतं, अधिकच धावतं, चिडतं, वर्गात एका जागी बसत नाही. बाईंची तक्रार येते की मूल हट्टी आहे. यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. यातलं काहीच नसेल, मूल तोंड मिटून शांत श्वास घेत असेल आणि फक्त दात खात असेल, तर बहुतेक वेळा थांबून पाहणं हाच उपचार आहे. दात खाणाऱ्या प्रत्येक मुलाचे टॉन्सिल काढायला निघू नका.

दातांचं फारसं नुकसान होत नाही. दुधाचे दात वीस, त्यांचं वरचं कवच कायमच्या दातांपेक्षा पातळ, ते थोडं झिजणारच, आणि सहाव्या वर्षापासून ते पडू लागतात. एक दाढ मात्र जपा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे घरात कळतच नाही आणि तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची आहे. तिची झीज भरून येत नाही. आंबट पेयं, शीतपेयं किंवा वरचेवर येणारी आंबट उलटी यांनी दाताचं कवच मऊ पडतं आणि मग घासण्याने ते लवकर जातं. मुलाला थंड-गरम झोंबत असेल, सकाळी गाल दुखत असतील, दाताचा तुकडा निघाला असेल तर आमच्याकडे या. दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारी रबरी दातपट्टी मुलाच्या तोंडात बसवू नका. त्याचा जबडा वाढतो आहे, दात पडत-येत आहेत.

मनावरच्या ताणाचा संबंध आहे का, हे मला नेहमी विचारतात. आहे, पण सगळीच दात खाणारी मुलं दुःखी नसतात, हे लक्षात ठेवावं. नवं बाळ घरात आलं, शाळा बदलली, घरात भांडणं होत असली, तर काही मुलांचं दात खाणं वाढतं. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याचाही संबंध आढळला आहे. लक्ष एकाग्र न होणाऱ्या मुलांना किंवा मनाच्या आजारांवर दिली जाणारी काही औषधंही हे वाढवू शकतात. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावं.

मला अधिक काळजी वाटते ती आपल्या घरातल्या रात्रीची. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या डुलकीसह दहा ते तेरा तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास. आपलं मूल साडेअकराला झोपतं, कारण बाबा दहाला येतात, टीव्ही चालू असतो, हातात मोबाईल असतो. सकाळी सहाला त्याला अर्धवट झोपेत ओढून रिक्षात बसवतात. आपले तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा जाहीरपणे मांडला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. बसच्या फेऱ्या, दोन सत्रांच्या शाळा, नोकरी करणारे पालक अशी कारणं देत त्याला विरोध झाला. अडचणी खऱ्या आहेत. तरीही मी त्या आदेशाच्या बाजूने आहे. मात्र शाळा नऊला भरली म्हणून रात्रीचं झोपणं बाराला गेलं, तर मुलाच्या पदरात काहीच पडणार नाही.

सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, स्वमग्नता असलेल्या मुलांबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. ही मुलं पुष्कळदा दिवसाही दात खातात, तासन्‌तास खातात. त्यांच्या आया तो आवाज सतत ऐकत घरातली कामं करत असतात आणि लग्नाकार्यात लोक वळून पाहतात म्हणून जायचंच टाळतात. त्यांना कोणी सांगू नये की मुलाला वळण लावा. हे वळणाचं काम नाही. या मुलांच्या दातांची झीज खरोखर मोठी असते, त्यांना दर काही महिन्यांनी दाखवावं. झिजलेल्या दाढांवर स्टीलची टोपी बसवता येते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण फार मोठं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचना आहे की अशा प्रत्येक मुलाची झोपेची तपासणी चार वर्षांच्या आत व्हावी. आपल्याकडे ही सोय मोठ्या शहरांत आहे, जिल्ह्याच्या ठिकाणीही ती व्हायला हवी, ही मागणी मी या व्यासपीठावरून करतो.

आणि घरोघरच्या मोठ्यांना हात जोडून सांगतो, झोपेत दात खाल्ले म्हणून मुलाला गदागदा हलवून उठवू नका, चापट मारू नका, सकाळी सगळ्यांसमोर चिडवू नका. त्याने ते केलेलंच नाही.

शेवटची विनंती इथे बसलेल्या अंगणवाडी सेविका, आशाताई आणि शिक्षकांना. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये तुम्ही मुलांना जंतांची गोळी देता, तेव्हा गावातली जवळजवळ प्रत्येक आई तुमच्यासमोर येते. गोळी देताना तिला एकच प्रश्न जास्तीचा विचारा: मूल झोपेत घोरतं का, श्वास अडतो का? ती हो म्हणाली, तर त्या मुलाचं नाव वेगळं लिहून ठेवा आणि पुढच्या आरोग्य तपासणीला डॉक्टर येतील, तेव्हा त्या मुलाला सगळ्यांत आधी त्यांच्यासमोर उभं करा.